जावयाचा जोड

मिस्त्रींच्या मनात जावयाबद्दल एक अढी होती, आणि ती नळावरून बसली होती.

लेकीच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. मिस्त्री आणि त्यांची बायको चार दिवस लेकीकडे राहायला गेले होते. स्वयंपाकघरातला नळ रात्रभर टपटपत होता. सकाळी मिस्त्री चहा पिऊन, बाह्या दुमडून तयार बसले. आता जावई म्हणेल, बाबा, जरा बघता का. पाना पिशवीत होताच. मिस्त्री तो लग्नकार्यालासुद्धा बरोबर नेत. पण जावयानं काय केलं, तर खिशातून फोन काढला आणि प्लंबरला बोलावलं. ज्या माणसानं एकतीस वर्षं मोठ्या हॉस्पिटलात ऑक्सिजनचे पाइप टाकले, ज्याच्या जोडांच्या भरवशावर अख्खे वॉर्ड श्वास घेत होते, तो समोर सोफ्यावर बसलेला असताना एका वायसरसाठी बाहेरचा माणूस! त्यातून त्या प्लंबरनं वायसर तिरका बसवला. मिस्त्रींनी ते पाहिलं आणि गिळलं.

"जावयाला पाना धरता येत नाही," घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले. "चष्मेवाला माणूस. सगळं नाजूक काम."

"तुमच्या लेकीलाही नाजूकपणानंच वागवतो ना? मग झालं तर."

जावयाचं चष्म्याचं दुकान होतं. स्वभावानं गरीब, बोलणं हळू, आणि एखादी गोष्ट पटली नाही तरी आधी आपला चष्मा पुसून मगच बोलणार. व्यसन म्हणाल तर एकच, गाडी. त्याच्या मामानं मरताना आपली पस्तीस वर्षांची जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार भाच्याच्या नावानं ठेवली होती. गडद हिरवी, जमिनीला टेकलेली, लांब नाकाची. मिस्त्रींची लेक तिला 'माझी सवत' म्हणायची.

सहा वर्षं अशीच गेली. मग एका संध्याकाळी लेकीचा फोन आला. मिस्त्रींची बायको भाजी निवडत होती, म्हणून तिनं स्पीकर चालू ठेवला होता.

"आई, मी आता त्या सवतीत पाऊल ठेवणार नाही. पेट्रोलचा इतका वास, की डोकं धरलं. अर्ध्या रस्त्यात उतरले आणि चालत घरी आले."

मिस्त्री वर्तमानपत्र वाचत होते, ते त्यांनी खाली ठेवलं. वास म्हणजे गळती. गळती म्हटलं की रिटायर झालेला माणूसही ताठ होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता ते लेकीच्या दारात हजर.

घराच्या बाजूला पत्र्याची शेड होती. एका भिंतीला चष्म्यांच्या रिकाम्या खोक्यांची चळत, दुसऱ्या भिंतीला जुने टायर, मध्ये गाडी. मिस्त्रींनी आत शिरताच नाकानं हवा ओढली आणि म्हणाले, "गळतंय."

त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे खाली वाकून बघण्याची सोय नव्हती. त्यांनी लेकीचा हातात धरायचा आरसा मागवला, तो फरशीवर गाडीखाली सरकवला आणि बॅटरीचा झोत त्यावर टाकला. हॉस्पिटलात छताच्या आतले पाइप ते असेच बघत. टाकीपासून इंजिनापर्यंत दोन बारीक लोखंडी नळ्या गेल्या होत्या. एकीतून पेट्रोल पुढं जायचं, दुसरीतून उरलेलं परत यायचं. दोन्ही गंजून फुगल्या होत्या. मध्येच एके ठिकाणी वीतभर रबरी नळी खुपसून वरून क्लिपा आवळल्या होत्या.

"हे कुणी केलं?"

"गेल्या वर्षी गॅरेजवाल्यानं," जावई म्हणाला. "गळत होतं म्हणून."

मिस्त्रींनी जावयाला हात आत घालून नळीवर नख ओढायला सांगितलं. गंजाचा पापुद्रा निघून पडला आणि तिथं लगेच ओल धरली.

"जावईबापू, ही नळी नाही. ही नुसती पापुद्र्यांची पुरचुंडी आहे. पेट्रोल आत राहतंय तो त्याचा चांगुलपणा."

"पुढच्या महिन्यात गाडीची वार्षिक तपासणी आहे. त्याआधी गॅरेजला टाकतो."

"कुठल्या? ज्यानं रबर खुपसलं त्याच्या?"

मिस्त्रींचा आवाज जरा चढलाच. जावयानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला.

"बाबा, सांगायला बरं वाटत नाही. पण तुम्ही मला दाखवाल का, कसं करायचं ते?"

मिस्त्री घरी परतताना सबंध रस्ताभर याच वाक्याचा विचार करत होते. 'करून द्या' नाही म्हणाला. 'दाखवाल का' म्हणाला.

पुढच्या रविवारी ते खांद्यावर तांब्याच्या नळीचं वेटोळं घेऊन आले. घरच्या माळ्यावर जपून ठेवलेला उत्तम माल. जावयानं तो हातात घेऊन निरखला, हातावर तोलला आणि चष्मा पुसायला काढला. मिस्त्रींनी तेव्हाच ओळखलं.

"बाबा, तांबं नको."

"का? तांब्यानं काय घोडं मारलंय?"

"गाडी सारखी थरथरते. थरथरून थरथरून तांबं कडक होत जातं आणि एक दिवस चिरतं. मी पुस्तकात वाचलं."

"पुस्तक लिहिणाऱ्यानं आयुष्यात किती फूट तांबं वाकवलंय, तेही लिहिलं असेल ना त्यात?"

झालं. मिस्त्रींनी वेटोळं उचललं आणि तडक घरी आले. जेवायला बसले तर घास तोंडातच फिरत राहिला. कारण जावई म्हणत होता ते त्यांना ठाऊक होतं. हॉस्पिटलच्या तळघरात हवा दाबणारं मोठं यंत्र होतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मिस्त्रींनी त्याला थेट तांब्याचा पाइप जोडला होता आणि तीन महिन्यांत जोडापाशी केसासारखी चीर पडली होती. त्यांच्या उस्तादानं त्यांना सगळ्यांसमोर सोलून काढलं होतं. तेव्हापासून थरथरणाऱ्या यंत्राजवळ त्यांनी कधी साधं तांबं लावलं नाही. आणि आज जावयापुढं मात्र मोठेपणा आडवा आला होता.

त्यांनी ताटावरूनच फोन लावला.

"जावईबापू, तुमचं पुस्तक बरोबर आहे."

बायकोचा वाढायचा हात हवेत थांबला. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "अहो, संसारात मी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. माझ्यासाठी कधी म्हणाला असतात तर!"

जावयानं तांब्यात निकेल मिसळलेली नळी शोधून आणली. रंगानं तांब्याहून फिकी. ती गंजत नाही, थरथर सोसते आणि हातानंही वाकते. मिस्त्रींनी तुकडा बोटांत दाबून पाहिला. "माल बरा आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

मग कामाला सुरुवात झाली. चार चाकं काढून गाडी चार लोखंडी घोड्यांवर चढवली. जावयानं बॅटरीची तार सोडली, टाकीतलं पेट्रोल डब्यात काढून डबे बाहेर अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवले. शेडची दोन्ही दारं सताड उघडी. मिस्त्री दाराशी बुटक्या स्टुलावर बसले, गुडघा लांब पसरून. जावई जुन्या गादीवर पाठ टेकून गाडीखाली सरकला. आता फक्त त्याचे पाय दिसत होते.

"बाबा, इथं अंधार आहे हो," आतून आवाज आला. एक हात बाहेर आला, भिंतीशी जळत ठेवलेला तारेचा दिवा चाचपून उचलला आणि आत जाऊ लागला. काचेचा तापलेला बल्ब, आणि नळीतून उरलेलं पेट्रोल अजून थेंब थेंब पडत होतं.

"अरे ए! ठेव तो दिवा!" मिस्त्री स्टुलावरून जवळजवळ उडाले. "बाहेर हो आधी! पेट्रोलखाली बल्ब घेऊन कुठं चाललास? अक्कल गहाण टाकलीस की काय?"

लेक चहाचे कप घेऊन दारात आली होती. कप बशीत वाजले.

"बाबा!"

सहा वर्षांत जावयाला मिस्त्रींनी 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. आता एका दमात अरे, तुरे आणि अक्कल, सगळं निघून गेलं होतं. जावई बाहेर सरकून उठून बसला. गालावर गंज, चष्मा एका कानावर.

"चुकलो, बाबा," तो म्हणाला. मग चष्मा सरळ करत म्हणाला, "आणि असंच बोलत जा. तुम्ही 'अहो जावईबापू, जरा ऐकता का' म्हणेपर्यंत मी भाजून निघालो असतो."

आधी लेक हसली, मग मिस्त्री. जावयानं दुकानातून डोक्याला बांधायची छोटी बंदिस्त बॅटरी आणली. त्या दिवसापासून एक कायदा आपोआप ठरला. जावई गाडीखाली असला की 'तू', बाहेर आला की 'तुम्ही'.

जुने नट गंजून एकजीव झाले होते. त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून वाट बघत बसावं लागे. अशाच एका रिकाम्या वेळी, समोर नुसते पाय आहेत, चेहरा दिसत नाही, असं बघून मिस्त्रींनी सहा वर्षांचं विचारून टाकलं.

"काय रे, तेव्हा त्या नळासाठी प्लंबरला का बोलावलंस?"

"कुठल्या नळासाठी?"

"स्वयंपाकघरातल्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी."

"हां, तो! अहो बाबा, तुम्ही नुकतेच रिटायर होऊन चार दिवस विसाव्याला आला होता. हिनं मला बजावून ठेवलं होतं, बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना घरात एकही काम सांगितलंस तर बघ. माझ्या मनात होतं विचारायचं."

मिस्त्रींनी वळून लेकीकडे पाहिलं.

"दूध ठेवलंय गॅसवर," म्हणत ती घरात पळाली.

नऊ-नऊ फुटांच्या दोन्ही जुन्या नळ्या बाहेर आल्या त्या अकरा तुकड्यांत. मागच्या चाकांच्या आसावरून जाणारा भाग सगळ्यांत अवघड. वर चढून डावीकडे वळायचं, पुन्हा खाली यायचं, आणि कुठंही लोखंडाला घासायचं नाही. त्याचाच नेमका चुरा झालेला. मिस्त्रींनी सगळे तुकडे जुन्या चादरीवर ओळीनं मांडले, मग बायकोच्या कपाटातले तारेचे हँगर आणून सरळ केले आणि त्या तारेचा नमुना करायला बसले. ते बाहेर बसून तार वाकवत, जावई ती आत धरून बघत असे.

"वरचं वळण बोटभर पुढं हवं, बाबा."

"बोटभर म्हणजे कुणाचं बोट? तुझं की माझं?"

"तुमचं. माझं बारीक आहे."

चौथ्या खेपेला तार बरोबर बसली. तिकडे मिस्त्रींची बायको घरी साड्या हातावर घेऊन उभी होती आणि फोनवर विचारत होती, की हँगर चोरणारा चोर साड्या का सोडून गेला.

आता नळीच्या टोकांचं काम. प्रत्येक टोकाला नळीचं तोंड फुलवायचं आणि त्याचीच कड पुन्हा आत दुमडायची, कापडाला दुमड घालतात तशी. हे दुहेरी तोंड नटात घट्ट बसलं, तरच पेट्रोल आत राहतं. मिस्त्रींनी पहिली नळी स्वतः घेतली.

"नीट बघा," ते जावयाला म्हणाले. "आधी कापायची सरळ. मग कानशीनं कड साफ करायची. घाई केली की संपलं. कामात डोकं पाहिजे, हात काय कुणालाही असतात."

बोलत बोलत त्यांनी दोन्ही टोकांची तोंडं फुलवली. अशी गोल, अशी गुळगुळीत, की दागिन्यात शोभावीत. नळी उंच धरून त्यांनी जावयाला दाखवली. जावयाची नजर बाकड्यावर गेली. बाकड्यावर दोन पितळी नट पडले होते. ते तोंड फुलवण्याआधी नळीत ओवायचे असतात. आता जन्मात आत जाणार नव्हते.

जावयानं चष्मा पुसायला काढला आणि भलताच वेळ पुसत राहिला.

"हसा हो, हसा," मिस्त्री म्हणाले. "खांदे हलतायत ते दिसतंय मला." आणि मग तेच असे हसत सुटले, की डोळ्यांतून पाणी आलं. "एकतीस वर्षं पोरांना हेच ओरडलो. आधी नट, आधी नट!" पाणी पुसून त्यांनी हत्यार जावयाच्या हातात दिलं. "आता ही सगळी तोंडं तुम्ही करायची."

जावयाचं पहिलं तोंड फाटलं. दुसरं एका बाजूला कललं. तिसरं बरं वाटलं, पण मिस्त्रींनी अंगठा फिरवून बाजूला ठेवलं. जावयानं उरलेले तुकडे आणि हत्यार पिशवीत भरलं आणि म्हणाला, "आठवडाभर द्या मला."

पुढच्या रविवारी त्यानं मिस्त्रींसमोर चष्म्याची एक लांबट डबी उघडली. आत मऊ कापडावर नळीचे तेवीस तुकडे ओळीनं निजवले होते. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो एकेक करत होता. मिस्त्रींनी पहिला तुकडा उचलला, मग दुसरा. पहिले सात-आठ बघवत नव्हते. मग हळूहळू हात बसत गेलेला दिसत होता. मिस्त्री प्रत्येकाच्या तोंडावरून अंगठा फिरवत गेले. तिळाएवढे स्क्रू रोज फिरवणारी ती बोटं होती, त्यांना फक्त कुणी नळी दिली नव्हती. शेवटचे चार तुकडे मिस्त्रींनी उजेडात धरले आणि परत डबीत ठेवले. ते त्यांच्या स्वतःच्या हातच्या कामाहून बरे होते. हे त्यांनी मोठ्यानं सांगितलं नाही. "चालेल," एवढंच म्हणाले.

नव्या नळ्या बसवायला दोन रविवार लागले. आसावरून एकसंध नळी जात नव्हती, म्हणून तिथं एक जोड घ्यावा लागला. त्या जोडापर्यंत मिस्त्रींचा आरसाही पोचत नव्हता. जावई आतून सांगायचा आणि मिस्त्री डोळे मिटून ऐकायचे, की त्यांना ती जागा दिसायची.

"नट हातानं किती फेरे गेला?"

"पाच."

"अडखळला का?"

"नाही."

"मग आता पाना लाव. आणि जोर दाखवू नकोस. ती नळी आहे, सासरा नाही."

सगळं बसल्यावर जावई पेट्रोलचा डबा आणायला उठला. मिस्त्रींनी त्याला हातानं थांबवलं.

"आधी हवा."

हॉस्पिटलात ते कुठलीही लाइन दाब भरून चोवीस तास ठेवल्याशिवाय कुणाच्या ताब्यात देत नसत. तिथं ऑक्सिजन चार बार दाबावर चालायचा. या गाडीत पेट्रोल तीनवर वाहत होतं. "आपण चार भरू," मिस्त्री म्हणाले. "वरचा एक माझ्या समाधानासाठी." त्यांनी नळ्यांची एका बाजूची टोकं बंद केली, दुसऱ्या बाजूला आपलं दाब मोजायचं जुनं गेज लावलं. जावयानं पंप मारून हवा भरली. काटा चारवर आला तसं मिस्त्रींनी गेजच्या काचेवर मेणाच्या पेन्सिलनं बारीक रेघ ओढली आणि सगळे जेवायला गेले.

जेवून आल्यावर मिस्त्रींनी गेज पाहिलं. "जागेवर आहे."

जावई वाकला. त्यानं चष्मा वर केला, डोळा काचेला लावला.

"बाबा, केसभर खाली आलाय."

"नाही हो."

"आलाय. रेघेची उजवी कड आता दिसतेय. मघाशी दिसत नव्हती."

मिस्त्रींनी पुन्हा बघितलं. त्यांना काटा रेघेवरच दिसत होता. "पत्र्यावरचं ऊन सरकलंय. हवा गार झाली की काटा जरासा बसतोच."

"असेलही. पण बघून येतो." तो साबणाच्या पाण्याची वाटी आणि ब्रश घेऊन गाडीखाली गेला. एकेका जोडाला पाणी लावत मागे सरकत गेला. लेक दाराशी येऊन म्हणाली, "अरे, पुरे आता! शनिवारी तपासणी आहे. कुणाला दिसणार आहे केसभर?"

आतून जावयाचा आवाज आला. "आसावरचा जोड आहे. मोहरीएवढा बुडबुडा येतोय. खूप वेळानं एक." मग जरा थांबून, "मीच केलेला जोड आहे, बाबा."

त्या जोडापर्यंत मिस्त्रींचा डोळा पोचत नव्हता, आरसा पोचत नव्हता. काटा त्यांनी जागेवर आहे म्हणून सांगून टाकला होता. जावई गप्प बसला असता तर ही गोष्ट दुसऱ्या कुणाला कळायचं कारण नव्हतं.

"अर्धा फेरा आवळ," मिस्त्री म्हणाले. दिवसभर बसून गुडघा ठणकत होता आणि त्यांनाही आता घरी जावंसं वाटत होतं.

"आवळलं तर आज थांबेल, बाबा. पण तोंडातच खोट असेल तर उद्या परत. ही बसणार आहे या गाडीत."

मिस्त्री स्टुलावर मागे टेकले. हॉस्पिटलातही असंच कुणी तरी येऊन म्हणायचं, अहो, एवढंसं तर आहे, सोडा आता. तेव्हा मिस्त्री ज्या स्वरात नाही म्हणत, तोच स्वर गाडीखालून येत होता. पण तो चढलेला नव्हता. नेहमीसारखा हळू होता.

"खोल मग," ते म्हणाले. "सगळं खोल."

सहा क्लिपा, दोन नट, आणि अडून बसलेली नळी. बाहेर काढून बघितलं तर तोंडावर ओरखडा होता, नखालाही लागेल न लागेल असा. कापताना कडेचा कण राहिला होता. जावयानं टोक कापलं, कानस फिरवली, अंगठा फिरवला, पुन्हा कानस फिरवली. मग नट उचलला, मिस्त्रींना दाखवला आणि नळीत ओवला. वळणात मिस्त्रींनी बोटभर नळी जास्तीची राखली होती, म्हणून आखूड पडली नाही. या वेळी मिस्त्रींनी एकही सूचना केली नाही. ते नुसते बघत बसले. लेकीनं पुन्हा चहा आणला तेव्हा त्यांनी तिला बोट ओठावर ठेवून गप्प केलं.

पुन्हा चार बार, पुन्हा पेन्सिलची रेघ. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला फोन वाजला.

"बाबा, चोवीस तास झाले. हलला नाही."

"चष्मा पुसून बघितलंत?"

"दोनदा."

शनिवारी तपासणीला जावई आणि लेक गाडीतून गेले. लेकीनं बसताना आधी नाक आत घातलं, मग पाय. मिस्त्री आणि त्यांची बायको बसनं गेले. बायको का, तर मिस्त्री तपासणाऱ्याशी वाद घालतील म्हणून लगाम हवा होता.

तपासणारी बाई उंच, कडक, बोलण्याचा कंटाळा असलेली. तिनं गाडी यंत्रावर चढवली आणि गाडी हळूहळू वर गेली. माणसाच्या डोक्याहून उंच. मिस्त्री पुढं झाले. इतके रविवार त्या गाडीशेजारी काढले, पण तिचं पोट ते आज पहिल्यांदा बघत होते. टाकीपासून निघालेल्या दोन नळ्या एकमेकींच्या सोबतीनं चालल्या होत्या. दोघींत सगळीकडे सारखंच अंतर. क्लिपा मोजून मापून, एकही तिरकी नाही. आसापाशी दोघी एकदम वर चढत होत्या, एकदम वळत होत्या, एकदम उतरत होत्या. आणि वर, कोपऱ्यात, जिथं कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, तो जोड. स्वच्छ. कोरडा. त्याच्या आजूबाजूचं जुनं लोखंडसुद्धा घासून, रंग देऊन ठेवलेलं. हे काही मिस्त्रींनी सांगितलं नव्हतं.

बाईनं झोत टाकला आणि टोकापासून टोकापर्यंत नेला. मग पुन्हा मागे आणला. आसापाशी ती बराच वेळ थांबली.

"कुठल्या गॅरेजात केलंत हे?"

जावयाचा हात चष्म्याकडे गेला. तो पुसून होईपर्यंत मिस्त्रींना दम निघाला नाही.

"गॅरेज नाही, बाई. यानं केलंय. आमचा जावई. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. आसावरचा जोड बघितलात ना? तो त्यानं दोनदा केला. पहिला चालला असता, मीच म्हणालो होतो चालेल. यानं ऐकलं नाही माझं."

"बाबांनी शिकवलं," जावई पुटपुटला.

"तोंड फुलवायला शिकवलं," मिस्त्री म्हणाले. "बाकीचं मी नाही शिकवलं."

बाईनं कागदावर सही केली आणि जाता जाता म्हणाली, "आमच्याकडे येणाऱ्या गॅरेजवाल्यांना दाखवायला हवं हे." आणि तिनं खरंच पलीकडून दोघांना हाक मारून बोलावलं. दोघे माना वर करून बघत उभे राहिले. मिस्त्री त्यांच्या मागे हात बांधून उभे होते, आपल्याच घरचं कार्य असल्यासारखे.

दोन सीटची गाडी दोघांना घेऊन गेली. लेकीनं काच खाली करून हात हलवला. मिस्त्री आणि त्यांची बायको बसच्या थांब्यावर आले. बस भरलेली होती. बायकोला खिडकीशी जागा मिळाली, मिस्त्रींना दोन रांगा मागे, एका जाडजूड गृहस्थाशेजारी. बायकोला त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"तुम्ही कधी नळीचं तोंड दुहेरी फुलवलंय?" मिस्त्री विचारत होते.

"नाही बुवा."

"अवघड असतं. आमच्या जावयानं आठवड्यात तेवीस केली."

पुढं तांब्याचं पुस्तक आलं, बल्ब आला, केसभर काटा आला. बाकड्यावर राहिलेल्या नटांची गोष्टही मिस्त्रींनी सांगितली, आणि तीही आपल्या अंगावर घेऊन, न गाळता. गृहस्थांचा थांबा आला, ते उठले आणि "शाबास तुमच्या जावयाची" म्हणून उतरले. त्या जागेवर हातात पिशवी घेतलेला एक तरुण येऊन बसला. मिस्त्रींनी त्याला नीट टेकू दिलं.

"तुमच्याकडे गाडी आहे का हो?" त्यांनी विचारलं.

बायकोनं मागे वळून पाहिलं. टोकावं असं तिच्या मनात आलं होतं. पण नवऱ्याचा चेहरा पाहून ती पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली.